फाटकनानांची रिकामी बाज

आमच्या जालन्याच्या गल्लीत दर शनिवारी सकाळी एक रिकामी बाज निघायची. चार कोपऱ्यांना चौघे आणि पुढे फाटकनाना: "सरका, सरका. लाइन क्लिअर द्या."

नाना रेल्वेच्या फाटकावरून निवृत्त झालेले. फाटक सुटलं, काळजी सुटली नाही. घरात एकटेच. कुणाच्या दारात सायकल आडवी दिसली की ते ती उचलून भिंतीला लावायचे. "उद्या कोणी पेशंट न्यायचा झाला तं?" लग्नाला गेले तरी आधी मांडवाची वाट निरखायचे आणि नवरीच्या बापाला विचारायचे, "इथून बाज निघन का?" बाप बिचारा शुभ दिवशी काय बोलणार.

रिकामी बाज पाहून बाया तोंडाला पदर लावत. एकदा वडीगोद्रीहून आलेल्या एका पाहुण्याने टोपी काढून हात जोडले.

"कोण गेलं हो?"

"अजून कोणी न्हाई," नाना म्हणाले. "तपासून राह्यलो."

दुष्काळ नुकताच सरला होता. मी चळवळीत हँडबिलं लिहायचो. स्पष्टच सांगतो, शहराचा गळा ओट्याओट्याने आवळला जातो. आज पायरी, उद्या ओटा, परवा त्यावर पत्रे. आणि नगरपालिका डोळे मिटून घरपट्टी घेणार. गिरणीवाल्या भाऊसाहेबांनी गल्लीच्या तोंडाशीच नव्या ओट्याचा पाया खणला. आम्हाला बाहेर पडायला तेवढंच एक तोंड. मी हँडबिल काढलं: 'जनतेच्या रस्त्यावर धनदांडग्यांचा दरोडा!' लोकांनी घेतलं आणि त्यात भजी बांधली. नानांनी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"जोरदार हाय," ते म्हणाले. "पण यात बाज कुठं हाय?"

त्या शनिवारपासून मीही बाजेचा एक कोपरा धरला.

नगरपालिकेचा ओव्हरसियर पाहणीला येणार असं कळलं आणि नानांना घास गोड लागेना. "त्यानं बराबर म्हणून सही ठोकली, मंग झालं. जल्दी भरून टाकतेन पाया." धास्ती मलाही होती. भाऊसाहेबांच्या घरी चहाचं आधण साहेबाच्या आधीच चढलं होतं.

साहेब आले, चहा प्याले, खणलेल्या पायाकडे पाहून म्हणाले, "जातो की माणूस आरामात."

"उभा जातो साहेब," नाना म्हणाले. "आडवा कसा जाइन?"

साहेब हसले. नाना हसले नाहीत. बाज आणली, स्वतः तिच्यावर आडवे झाले आणि हाक मारली. आम्ही तिघेच होतो; चौथा गडी उगवला नव्हता. नाना मान उचलून सारखे गल्लीकडे पाहू लागले. तोंड उतरलेलं. शेवटी म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही धरता का?"

बाज उचलायला कोणी नाही म्हणत नाही. त्यातून साहेब समोर. भाऊसाहेबांनी धोतर खोचलं आणि मागचा कोपरा धरला. गल्लीच्या तोंडाशी बाज वळली, तसा त्यांचा पाय त्यांच्याच ओट्याच्या खड्ड्यात गेला. बाज कलंडली. नाना घरंगळत थेट साहेबांच्या चपलांपाशी.

"बगा साहेब," ते पडल्यापडल्या म्हणाले, "हे असं हुतं."

भाऊसाहेब मांडीपर्यंत मातीत उभे होते. मग गवंड्याला म्हणाले, "बुजव रे. घरात म्हातारा हाय माझा."

मला तर स्फुरणच चढलं. आता नाल्या, मग शाळेची वाट, मग मोंढ्याचा बाजार! समिती स्थापन करायची, निवेदनं द्यायची. नानांना म्हणालो, "बाज ठेवा आता माळ्यावर. जिंकलो आपण."

नाना बाजेचं सैल सूत ओढत बसले होते. "म्हंजे शनिवारी तुम्ही लोक येणार न्हाई?"

"काम झालं ना, नाना."

"झालं. रस्त्याचं झालं." त्यांनी सुताला पीळ दिला. "मी एकटा माणूस. हाक मारली तं चौघं येतेत का, हे बी शनिवारी कळत हुतं."

मी खाली बसून सुताचं दुसरं टोक धरलं.

पुढच्या शनिवारी आम्ही पलीकडच्या गल्लीची तपासणी केली. चौघेही वेळेवर हजर. तिथून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जात. कोणीही ते बोलून दाखवलं नाही.