एका पाठीचा सार्वजनिक वापर

दुखणं ही माणसाची खाजगी बाब असते, असा एक गैरसमज समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. ताप, पडसं, दाढदुखी ही किरकोळ दुखणी खाजगी असतात हे खरं, कारण ती चार दिवसांत जातात आणि कोणाला त्यांच्याकडे बघायला सवडच मिळत नाही. जुनं दुखणं मात्र सार्वजनिक असतं. बागेतल्या बाकासारखं. कोणीही यावं, घटकाभर टेकावं, मनातलं बोलावं आणि निघून जावं. बाकाला कसं वाटतं हे विचारायची पद्धत नाही.

माझ्याकडे असं एक दुखणं आहे. कमरेच्या जरा वर, डाव्या अंगाला. थोरली मुलगी पहिलीत गेली तेव्हा ते आलं. थोरली शिकली, नोकरीला लागली, वेगळं घर करून राहिली. ते अजून आमच्याकडेच आहे. डॉक्टरांनी सगळे फोटो उजेडाकडे धरून पाहिले आणि स्वच्छ सांगितलं, "हे जाणार नाही. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळून घ्या." तेव्हा मला रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू. मग आम्ही सांभाळून घेतलं. सकाळी जमिनीवर पडून पाय वरखाली करायचे, अधूनमधून उठून खिडकीपर्यंत जाऊन यायचं, जड पिशवी दिसली की तिची आपली ओळखच नाही असं दाखवून पुढे व्हायचं, आणि फारच अंगावर आलं तर गोळी. एवढं पाळलं की दिवस झकास जातो. मी शीळ घालतो, सिनेमाला जातो (कडेची जागा बघून), जेवणावर आडवा हात मारतो. अशा माणसाला आपल्याकडे रोगी म्हणतात.

मी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात, तक्रार निवारण कक्षात कारकून आहे. लोक येतात, नळाला पाणी नाही म्हणून सांगतात, मी लिहून घेतो. पाणी त्यानंतरही येत नाही, पण तक्रार केल्याचं समाधान मिळतं. हा पुरवठा आमच्या खात्याने एक दिवसही खंडित होऊ दिलेला नाही.

या कक्षात माझी एक लाकडी खुर्ची होती. सरळ पाठीची, टणक बैठकीची, एक हात केव्हाच निखळलेली. जुन्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करून बायकोने ती शिवून दिली होती. ती कमरेशी लावली की मी संध्याकाळपर्यंत माणसात असायचो. दुसऱ्या कुठल्याही खुर्चीवर मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो, पुढे नाही. तेव्हा माझी नोकरी माझ्या शिक्षणावर नसून त्या खुर्चीवर उभी होती, असं म्हणायला हरकत नाही.

कार्यालयात मला 'पाठवाले' म्हणतात. कक्षात कारकून दोनच. दुसऱ्यांना 'टक्कलवाले' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होत नाही. माझी विचारपूस दिवसभर चालू असते. "काय पाठवाले, कशी आहे पाठ?" हा प्रश्न आहे असं नवख्या रोग्यांना वाटतं. तो प्रश्न नसतो, ती प्रस्तावना असते. तिला उत्तर म्हणून फक्त "आहे आपली" एवढंच म्हणावं. "दुखतेय" म्हटलं तर समोरच्याचा चेहरा पडतो आणि आपल्यालाच त्याची समजूत काढत बसावं लागतं. "मस्त आहे" म्हटलं तर "मग परवा रजा कसली होती?" असं ऐकावं लागतं. हसू तर मुळीच नये. हसलं की "बघा, काही झालेलं नाही याला," आणि नाही हसलं की "हा चेहरा पाडून बसतो, म्हणून तर दुखतं." यावर मी तोंडाचा अर्धाच भाग हसरा ठेवण्याचा सराव केला आहे.

प्रस्तावनेनंतर सल्ला येतो. सल्लागारांचे ठळक प्रकार असे:

(अ) तेलवाले. यांचं तेल बाजारात मिळत नाही. ते एका माणसाकडे मिळतं आणि तो माणूस नुकताच गावाला गेलेला असतो.

(आ) 'रोज चाला'वाले.

(इ) 'अजिबात चालू नका'वाले. (आ आणि इ समोरासमोर आले तर आपण खुशाल निघून जावं. तासाभराने परत आलो तरी चालतं.)

(ई) मनवाले. "सगळं मनात असतं हो." यांची स्वतःची दाढ दुखते तेव्हा ती मात्र दाढेत असते.

(उ) मेव्हणेवाले. "माझ्या मेव्हण्याचं डिट्टो असंच होतं. आता पळतो!" माझ्या पाहणीनुसार दर दहा सल्ल्यांपैकी सात मेव्हण्यांच्या पाठींवर उभे असतात. यातला एकही मेव्हणा मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही. बहुधा तो पळायला गेलेला असतो.

या बाबतीत आमचं घर फार मागासलेलं आहे. बायको पाठीचं नावसुद्धा काढत नाही. सकाळी ओट्यापाशी उभी राहून एवढंच विचारते, "अहो, दूध तुम्ही आणताय की मी?" दूध आणायला तीन जिने उतरावे लागतात. मी "आणतो की" म्हटलं तर तिला दिवस कळतो, आणि "तूच आण" म्हटलं तरी कळतो. ती चप्पल घालते आणि जाते. ना हळहळ, ना तेल. इतक्या वर्षांत या बाईने मला एकही उपाय सुचवला नाही, आणि त्याबद्दल मी तिच्यावर जीव टाकतो.

असं सगळं सुरळीत चालू असताना आमचे साहेब 'कर्मचारी कल्याण' या विषयावरच्या प्रशिक्षणाला जाऊन आले. माणूस मनाने अतिशय चांगला, म्हणजे त्याला अडवणं कठीण. आल्या आल्या त्यांनी आमचं कार्यालय 'वेदनास्नेही' असल्याचं जाहीर केलं. आता वेदनास्नेही कार्यालयाला निदान एक तरी वेदना लागते. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

माझ्या पाठीसाठी समिती नेमण्यात आली. साहेब स्वतः, आस्थापना विभागाच्या बाई, आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून टक्कलवाले. मला बैठकीला बोलावलं नाही, कारण बैठकीत फार वेळ बसावं लागतं आणि ते मला झेपत नाही. (इतका बारीक विचार कोण करतं हल्ली?) समितीने ठरवलं की माझा सत्कार करून मला नवी खुर्ची द्यायची. तिघांनी दुकानात जाऊन एकेक खुर्ची बसून पाहिली, आणि ज्या खुर्चीत तिघांनाही झोप आली तिची एकमताने निवड केली. काळी, फुगीर, गोल फिरणारी. हत्तीच्या पिल्लाला मायेने जवळ घ्यावं इतकी मोठी आणि लोण्याइतकी मऊ. त्या तिघांपैकी कोणाचीही पाठ दुखत नव्हती, त्यामुळे निर्णय निःपक्षपाती झाला.

सत्काराच्या दिवशी मला त्याच खुर्चीत बसवून सगळ्यांसमोर ठेवलं. भाषणं झाली. साहेब म्हणाले, "तक्रारींच्या विभागात राहून यांनी कधी तक्रार केली नाही!" टाळ्या झाल्या. आस्थापनाबाई सहनशक्तीवर बोलल्या. टक्कलवाले सहनशक्तीवर बोलले. मी प्रत्येक भाषणागणिक खुर्चीत थोडा थोडा खाली जात होतो. शेवटी "आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील" असं कोणीतरी म्हणालं तेव्हा माझे गुडघे माझ्या हनुवटीच्या पातळीवर आले होते आणि कंबर कुठे होती ते सांगता येत नव्हतं. मला उठता येईना. डोळ्यांत पाणी आलं. "भरून आलंय त्यांना," साहेब हळूच म्हणाले, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी माझी लाकडी खुर्ची जागेवर नव्हती. "भंगारखोलीत," आस्थापनाबाई म्हणाल्या. "शुक्रवारी गाडी येईल."

"बाई, मला तीच खुर्ची हवी आहे."

"अहो, पण ती आता नाहीच आहे. कागदावरून कमी केली."

"भंगारखोलीच्या दारातून दिसतेय ना ती."

"दिसू दे," बाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "दिसलं म्हणजे असतं असं नाही. तुमची काही तक्रार असेल तर रीतसर करा."

मी रीतसर माझ्या कक्षात गेलो आणि माझ्याकडे तक्रार केली. स्वतःशी मी सौजन्याने वागलो. मात्र कामात पक्षपात नको म्हणून इतरांना सांगतो तेच स्वतःलाही सांगितलं, की बघतो, वरती पाठवतो. वरून उत्तर आलं: 'सदर कर्मचाऱ्याची उत्तम सोय करण्यात आली असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' ते उत्तर मला कळवण्याचं कामही माझ्याकडेच होतं. ते मी केलं.

मग हाल सुरू झाले. त्या खुर्चीत तासभर बसलं की पाठीतून पायापर्यंत कळ जायची. म्हणून मी टेबलामागे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आडवा होऊ लागलो आणि तिथूनच काम चालू ठेवलं. नागरिक यायचे, टेबलावरून वाकून बघायचे. "कोणी आहे का?"

"खाली आहे. बोला."

"आमच्या नळाला पाणी नाही."

"केव्हापासून?"

लोकांना हे फार आवडलं. आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतला माणूस तक्रार लिहून घेतोय म्हटल्यावर आवाज आपोआप खाली यायचे. एका आजोबांनी तर तक्रार मागे घेतली आणि जाताना मला एक तेल सांगून गेले.

घरी मात्र दूध सलग बायकोच आणत होती. बुधवारी संध्याकाळी मी दारात बूटसुद्धा न काढता भिंतीला टेकून उभा राहिलो. तिने एकदा बघितलं. म्हणाली, "खुर्ची कुठे गेली?"

मी सगळं सांगितलं. शुक्रवारी ती खुर्ची गेली की मागोमाग मलाही घरी बसावं लागणार, हे मला दिसत होतं. घरी बसायला माझी ना नव्हती. पण मला माझी नोकरी आवडते. लोकांची गाऱ्हाणी ऐकत, मधूनच उठून खिडकीपाशी जात जो दिवस जातो, तो माझा दिवस आहे. पाठीने इतक्या वर्षांत तो हिरावून घेतला नव्हता. तो एका सत्काराने जाणार होता.

तिने टॉवेलची गुंडाळी माझ्या पिशवीतून काढून झटकली. "एवढी मऊ आहे ना ती? मग तुम्ही कशाला बसता? सल्ला द्यायला येतात त्यांना बसवा. बिचारे उभ्याउभ्या बोलतात."

गुरुवारी मी नवी खुर्ची टेबलाच्या पलीकडे ठेवली आणि स्वतः उभा राहिलो. अकराच्या सुमाराला साहेब आले. "काय पाठवाले, कशी आहे पाठ?"

"आहे आपली. साहेब, उभे का? बसा ना."

साहेब बसले. बसल्यावर माणसाला सुचतं. आधी त्यांनी मला श्वास कसा घ्यावा ते सांगितलं. मग पाणी कसं प्यावं ते सांगितलं. मग त्यांच्या मेव्हण्याची हकिकत निघाली, आणि ती लांब होती. मी मान डोलावत राहिलो, एकदा चहा मागवला, "मग पुढे काय झालं?" असंही दोनदा विचारलं. मेव्हणा पळायला लागला तेव्हा साहेबांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. "चला," म्हणून त्यांनी उठायला जोर केला, आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आस्थापनाबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या.

साहेबांच्या पाठीत उसण भरली होती.

सगळं कार्यालय गोळा झालं. (अ) ते (उ) सगळे हजर होते. कोणी म्हणे चालवा, कोणी म्हणे हलवू नका. तेलवाल्या माणसाला फोन झाला. तो गावाला गेला होता. टक्कलवाले साहेबांच्या कानाशी वाकून म्हणाले, "साहेब, हे सगळं मनात असतं." साहेब त्यांना जे बोलले ते वेदनास्नेही नव्हतं.

"भंगारखोलीत एक खुर्ची आहे," मी म्हणालो. "म्हणजे कागदावर नाही, पण आहे."

ती पाचव्या मिनिटाला आली. मी टॉवेलची गुंडाळी साहेबांच्या कमरेशी लावली. साहेबांनी डोळे मिटले, मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "अहाहा." मग डोळे न उघडताच, "बाई, ही खुर्ची परत कागदावर घ्या."

शुक्रवारी गाडी आली आणि रिकामी गेली. चार दिवस खुर्ची साहेबांकडे होती, आणि त्या चार दिवसांत माझा जीव टांगणीला लागला होता हे कबूल केलं पाहिजे. पण उसण ती उसण, पाचव्या दिवशी साहेब ताठ झाले आणि खुर्ची माझ्याकडे आली. दुखणं भोगल्यामुळे माणूस शहाणा होतो, असं बरेच जण मानतात. साहेब हल्ली भेटेल त्याला सांगतात, "मला डिट्टो यांच्यासारखंच झालं होतं. चार दिवसांत बरा झालो. यांनी मनावरच घेतलं नाही." म्हणजे मेव्हणा प्रत्यक्ष पाहण्याची माझी इच्छाही पूर्ण झाली.

आज सकाळी दूध मी आणलं. येताना जिन्यात शीळ घातली, आणि वरून बायको म्हणाली, "सूर चुकला."

काळी खुर्ची माझ्या टेबलासमोर अजून तशीच आहे. सल्लागारांची संख्या घटली आहे, पण जे येतात त्यांना मी कधी उभं ठेवत नाही. आणि हे सगळं वाचता वाचता तुम्हालाही मघापासून काहीतरी आठवतंय, हे मला माहीत आहे. एखादा व्यायाम असेल, एखादं तेल असेल, तुमच्या ओळखीतला तो एक माणूस असेल. संकोच करू नका, माझ्या भल्यासाठीच सांगताय तुम्ही.

या ना. असे उभे का? बसा, आणि अगदी सविस्तर सांगा.