हमीदभाईंच्या यादीतला दुसरा माणूस

हमीदभाई कोणाच्याही घरी गेले की पाणी मागत नाहीत, औषधांचा डबा मागतात. रियाधमध्ये आम्ही भाड्याचं नवीन घर घेतलं तेव्हा पहिले पाहुणे तेच. सुनीता, म्हणजे माझी बायको, लाडू-चिवड्याच्या ताटल्या घेऊन बाहेर आली, तर हे गालिच्यावर मांडी घालून बसलेले. "वहिनी, ते राहू द्या. गोळ्या कुठे ठेवता?" सुनीताला वाटलं, पाहुण्यांचं डोकं दुखत असेल. तिने बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणून दिला. हमीदभाईंनी तो गालिच्यावर उपडा केला, चष्मा लावला आणि एकेक पाकीट उजेडात धरून वाचायला सुरुवात केली. मुदत संपलेली डावीकडे, चालू असलेली उजवीकडे. खोकल्याचं औषध गेल्या वर्षीच वारलंय, असं त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं. माझ्या सासूबाईंनी सांगलीहून पाठवलेल्या चूर्णाची पुडी उघडून वास घेतला आणि ह्यात काय काय घातलंय ते आत्ताच्या आत्ता फोन करून विचारायला लावलं. सासूबाईंनी सांगायला साफ नकार दिला. चूर्ण डावीकडे गेलं. लाडू मात्र त्यांनी दोन खाल्ले.

हमीद मुकादम मूळचे राजापूरकडचे. रियाधला येऊन त्यांना सव्वीस वर्षं झाली. मी ज्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे, तिथेच ते फार्मासिस्ट. पुरुष नर्सला इथे सगळे 'ब्रदर' म्हणतात, त्यामुळे हमीदभाईंनी माझं नाव जाणून घ्यायचे कष्ट कधी घेतले नाहीत. एकदा माझी आई फोनवर होती, तर तिलाही "ब्रदरच्या आई, नमस्कार" म्हणाले. आई दोन दिवस हसत होती.

त्यांचं काम ऐकायला अगदी साधं. नवीन पेशंट भरती झाला की त्याच्या इकाम्याचा, म्हणजे इथल्या रहिवासी ओळखपत्राचा नंबर संगणकात टाकायचा. मग त्या माणसाने मागच्या काही वर्षांत कुठल्या दुकानातून, कुठल्या तारखेला, कुठलं औषध उचललं त्याची यादी समोर येते. ती बघायची आणि वॉर्डात कुठली औषधं चालू ठेवायची ते डॉक्टरांना कळवायचं. बाकीचे फार्मासिस्ट हे पाच मिनिटांत उरकतात. हमीदभाई एकेका यादीला तासभर लावतात. पत्रिका मांडून बसलेल्या ज्योतिषासारखे स्क्रीनसमोर बसतात, गाल खाजवतात, तारखा कागदावर उतरवतात आणि पुटपुटतात, "गोळी गेली कुठे?"

हे त्यांचं पालुपद. त्यांचं म्हणणं असं की गोळी दुकानातून बाहेर पडली एवढंच स्क्रीनला माहीत असतं. ती पोटात गेली, कचऱ्यात गेली, की सुटकेसमधून केरळला गेली, हे शोधून काढायचं काम माणसाचं. म्हणणं बरोबरच आहे, पण माणसाने किती शोधावं? पेशंटच्या गोळ्या मोजायला ते घरून पिशवी मागवतात. त्याच्या बायकोला फोन लावतात. एका सौदी आजोबांच्या ड्रायव्हरला त्यांनी अर्धा तास बसवून घेतलं होतं, कारण आजोबांचं जेवण किती वाजता होतं हे त्यालाच ठाऊक होतं. कँटीनच्या डाळीत मीठ कमी असलं तरी 'मीठ गेलं कुठे?' असंच विचारतात.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नाहीत, गोळ्या राहतात. एकदा मेट्रोत एका गृहस्थांनी त्यांना मोठ्या प्रेमाने सलाम केला. हमीदभाई ओळखीचं काही हसले नाहीत. दोन स्टेशनं गेली, ते गृहस्थ बिचारे अवघडून बसले. मग त्यांनी खिशातून डबी काढून एक गोळी तोडली आणि अर्धी तोंडात टाकली. त्याबरोबर हमीदभाईंचा चेहरा उजळला, उठून त्यांनी त्या माणसाला मिठी मारली आणि मुलाबाळांची चौकशी केली. हे कोण, असं मी नंतर विचारलं, तर उत्तर मिळालं नाही. कोणाला काय आजार आहे हे हमीदभाईंच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेलं नाही. तिथे त्यांचं तोंड एकदम बंद.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायचा. सकाळच्या औषधांची फेरी माझी असते. वीस पेशंट, हातात ट्रे, आणि ह्यांचा फोन, की सहा नंबरला अजून काही देऊ नका, माझं बघून झालेलं नाही. पहिली गोळी पोटात जायच्या आधी यादी तपासून व्हायला हवी, हा त्यांचा नियम. डॉक्टर माझ्यावर ओरडणार आणि मी हमीदभाईंवर. आमची ह्यावरून दोनदा चांगलीच जुंपली होती.

विलासच्या वेळी मी मुद्दाम फोन उचलला नाही.

विलास गुहागरकडचा, एकोणतीस वर्षांचा वेल्डर. शिडीवरून पडून पायाचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची नेहमीची औषधं सुरू करायची होती, आणि डॉक्टरांनी ती यादीवरून उतरवून घेतली होती. साखरेची गोळी, ब्लड प्रेशरची गोळी, आणि एक कॅप्सूल. मी कागदी पेल्यात तिन्ही काढल्या, इकाम्याचा नंबर ताडून बघितला आणि पेला विलासच्या हातात दिला. तो त्या गोळ्यांकडे बघत बसला. मग हळूच पाण्याचा ग्लास उचलला.

"ब्रदर, थांबा." हमीदभाई दारात उभे होते, धापा टाकत. तीन मजले जिन्याने आले होते. त्यांनी विलासच्या हातातून पेला काढून घेतला आणि मला बाहेर बोलावलं. मी भांडायच्या तयारीतच गेलो. त्यांनी फक्त यादीचा कागद माझ्यासमोर धरला.

ती कॅप्सूल प्रोस्टेटची होती. साठीच्या पुरुषांना देतात ती. एकोणतिसाव्या वर्षी ती कशाला, हा साधा प्रश्न डॉक्टरांना पडला नाही आणि घाईत मलाही पडला नाही. शिवाय तीन वर्षांतली त्याची साखरेची एकही तपासणी बिघडलेली नव्हती. छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तर पथ्य छान पाळतो म्हणून त्याची पाठ थोपटल्याची नोंद होती. हमीदभाईंचं बोट मात्र तारखांवर होतं. दर तिसाव्या दिवशी औषध उचललेलं. एक दिवस पुढे नाही, एक दिवस मागे नाही.

"ह्या वयाचा पोरगा स्वतःच्या औषधाला इतका वक्तशीर नसतो," ते म्हणाले. "हा दुसऱ्या कोणासाठी आणतोय. ह्या कागदातला माणूस साठीचा आहे, रात्री तीनदा उठतो, आणि ब्रदर, त्याचं औषध परवा संपलं."

मी त्या पेल्यातल्या गोळ्या मोजल्या. तिन्ही होत्या. धडधाकट पोराला साखर उतरवायची गोळी मी माझ्या हाताने दिली होती. त्याचं आदल्या दिवसापासून धड जेवणही झालेलं नव्हतं. अजून अर्धं मिनिट गेलं असतं तर काय झालं असतं, ते मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आम्ही आत गेलो. विलासने आधी सगळं कबूल केलं, म्हणजे तिन्ही आजार आपलेच आहेत, असं. घाबरला होता. दुसऱ्यासाठी आपल्या विम्याच्या कार्डावर औषध घेतल्याचं कंपनीला कळलं तर काय होईल ह्याचा हिशेब त्याच्या तोंडावर दिसत होता. हमीदभाईंनी स्टूल ओढलं, त्याच्या उशाशी बसले आणि मराठीत म्हणाले, "तो कोण ते मी विचारत नाही. त्याच्याकडे आज गोळ्या आहेत का, एवढंच सांग."

विलासच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नसतील साहेब. मी पडलो ना त्याच दिवशी आणायच्या व्हत्या."

मग सगळं बाहेर आलं. विलासच्याच खोलीत राहणारे गोविंदकाका, सुतार. त्यांची कंपनी बंद पडत आलेली, कफीलने, म्हणजे इथल्या मालकाने, इकामा पुन्हा काढलेला नाही, त्यामुळे विम्याचं कार्डही मेलेलं. काकांनी विलासला इथे आल्या आल्या भात शिजवायला शिकवला होता, पहिल्या महिन्यात रडायचा तेव्हा जवळ बसले होते. काकांची जुनी पाकिटं दाखवून विलासने दवाखान्यातून ती औषधं स्वतःच्या नावावर चालू करून घेतली होती. हमीदभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याला असा काही झापला की शेजारचा पेशंट उठून बसला. उद्या तू बेशुद्ध होऊन आलास तर हा कागद तुला मारील, पुन्हा असं केलंस तर बघ. मग डॉक्टरांकडे जाऊन, हा पेशंट ह्यातलं काहीही घेत नाही, असं सांगून तिन्ही औषधं बंद करून घेतली. आणि विलासकडून काकांचा फोन नंबर घेतला.

काका फोन उचलेनात. दुपारी तीनला माझी ड्युटी संपेपर्यंत हमीदभाईंनी सात वेळा लावला होता. मी गाडी काढली. शहराबाहेरच्या कारखान्यांपलीकडे विलास आणि काका राहायचे तो कामगारांचा कँप. एरवी रस्ताभर बडबडणारे हमीदभाई त्या दिवशी नुसता फोन लावत होते. मी बीपीचं आणि साखरेचं यंत्र बरोबर घेतलं होतं आणि अंग चोरून गाडी चालवत होतो.

काका खोलीबाहेर पालथ्या बादलीवर बसून कोथिंबीर निवडत होते. फोन आत चार्जिंगला लावलेला. आम्हाला बघून विलासला काही झालं की काय, म्हणून तेच घाबरले. हमीदभाई मटकन खाली बसले. त्यांनी काकांचा हात हातात घेतला तो बराच वेळ सोडला नाही. औषध संपत आलं तेव्हा काकांनी उरलेल्या गोळ्या अर्ध्या अर्ध्या करून पुरवल्या होत्या. त्यामुळे निभावलं होतं. तरी डोकं दुखत होतंच, बीपी वर होतं, साखरही. तिथूनच आम्ही त्यांना मोठ्या रस्त्यावरच्या दवाखान्यात नेलं, पैसे रोख भरले. डॉक्टरांनी नीट तपासलं, गोळी दिली, दोन तास बसवून ठेवलं आणि काकांच्या स्वतःच्या नावावर औषधं लिहिली. बीपी उतरल्याचं बघितलं तेव्हा मला कळलं, की सकाळपासून मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो.

काकांना सोडायला परत खोलीवर गेलो. सूर्य मावळून मगरिबची वेळ झाली होती. काकांनी खाटेवरची स्वच्छ चादर काढून हमीदभाईंना नमाजासाठी अंथरून दिली आणि स्वतः चुलीकडे वळले. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा व्हिडिओ कॉल आला. विलासने तिला हॉस्पिटलातून सगळं सांगितलं होतं. ती आधी नवऱ्यावर भडकली, मग रडली, मग म्हणाली, त्या साहेबांना फोन द्या. हमीदभाईंनी फोन घेतला आणि गोळ्यांचं वेळापत्रक सांगायला सुरुवात केली. सकाळी ही, रात्री ती, जेवण चुकवायचं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी जेवलात काय?"

हमीदभाई थांबले. एरवी ह्या माणसाला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर तयार असतं. फोन हातात तसाच. मग खूप हळू म्हणाले, "नाही वहिनी. अजून नाही." तिने तिकडून नवऱ्याला हुकूम सोडला, आधी त्यांना वाढा. हमीदभाई खाली बसून तीन भाकऱ्या जेवले.

परतताना हमीदभाईंनी गाडीची काच खाली केली. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "माझी बायको सफिया गेली त्याला नऊ वर्षं झाली, ब्रदर. मुलगा कॅनडात, बिचारा तब्येत विचारतो. जेवलो का, हे कोणी विचारलं नव्हतं."

 ते आमच्याकडे कितीदा आले होते, आम्ही लाडू दिले होते, चहा दिला होता. आणि ते दार ओढून आपल्या घरी गेले की तिथे काय असतं, हा विचार मी एकदाही केला नव्हता. लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

विलास आता काठी घेऊन चालतो. काकांचा इकामा महिन्याभराने निघाला, कार्डही आलं. आता त्यांची यादी त्यांच्याच नावावर आहे. हमीदभाईंनी ती बघितली आणि कितीतरी वेळ बघत राहिले.

सुनीताला मी घरी येऊन सगळं सांगितलं.  त्या आठवड्यापासून दर शुक्रवारी दुपारी एकला ती हमीदभाईंना फोन लावते आणि जेवलात का, एवढंच विचारते. पलीकडून 'नाही वहिनी, अजून नाही' असं येतं. हमीदभाईंना खोटं बोलता येत नाही. त्यामुळे दोनच्या सुमारास ते आमच्याकडे पानावर असतात.