दोन्ही ओळी राहू देत

"आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू, मला फिकीर नाही!" असं म्हणून कान्होजी दाल बाजारात दौलतसिंहाच्या दुकानातल्या पोत्यावर ऐसपैस बसले. त्यांच्या पत्नी विजयाबाई सुपात तूरडाळ पाखडून पाहत होत्या. म्हणजे वेळ भरपूर होता.

"सुनाओ, काकासाहब," दौलतसिंह म्हणाला.

गोष्ट होती शहरातल्या लष्कर आणि थाटीपूर या दोन मोहल्ल्यांतली गणेश मंडळं एक झाली तेव्हाची. लष्करवाले जुन्या शिलेदारांच्या घराण्यांतले, थाटीपूरवाले पुरोहितांच्या. नव्या मंडळाचे अध्यक्ष लष्करचे कान्होजी, उपाध्यक्ष थाटीपूरचे कृष्णराव. पहिल्याच दिवशी मानपानावरून बिनसलं तर मंडळ पुन्हा दुभंगणार, हे दोघंही जाणून होते.

मानकऱ्यांना फोनवर निरोप धाडणारा प्रोग्राम दोन्हीकडे एकच, कान्होजींच्या पुतणीनं, पद्मानं, लिहिलेला. पण लष्करच्या बळवंतनं आणि थाटीपूरच्या मधुनं आपापल्या प्रतीत मनासारखे फेरफार करून ठेवले होते. पद्मा त्या प्रती एकत्र करायला बसली आणि कॉम्प्युटर अडून बसला.

"काका, मर्ज कॉन्फ्लिक्ट आलाय."

"म्हणजे बिघडला?"

"नाही हो. बाकी सगळं त्यानं आपलं आपण जुळवून घेतलं. ही एकच ओळ दोघांनी बदललीय. पहिली आरती कुणाची? बळवंत म्हणतो शिलेदारांची, मधु म्हणतो पुरोहितांची. म्हणून तो थांबलाय. हे बघा, दोन्ही ओळी एकाखाली एक मांडल्यात, वर-खाली बाणांच्या रांगा लावल्यात. निकाल आपण द्यायचा."

कान्होजींनी पडद्याला चक्क हात जोडले. "वा रे पठ्ठ्या! कुणाची ओळ खोडली नाही, कुणाची बाजू घेतली नाही. संस्थानं विलीन झाली तेव्हा असा एक ठेवायला पाहिजे होता दरबारात! एवढा सज्जन माणूस आपल्या बिरादरीत दाखव मला."

"एक ओळ ठेवा, एक खोडा. नाहीतर दोघांना विचारून तिसरीच लिहू. बोला लवकर."

कान्होजींचं बोट शिलेदारांच्या ओळीकडे निघालं. शेजारी कृष्णराव बशीतला चहा फुंकत होते, ते फुंकायचे थांबले. बोट हवेतच राहिलं.

"दोन्ही ओळी राहू देत," कान्होजी म्हणाले.

"काका, मग सगळ्यांनाच पहिल्या मानाचा निरोप जाईल! कॉम्प्युटर काही बोलणार नाही, पण माणसं..."

"अगं बेटा, मान दिल्यानं कुणी भांडतं का?"

"अगदी खरं!" कृष्णराव घाईघाईनं म्हणाले. दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं होतं. पद्मानं बाण पुसले, दोन्ही ओळी ठेवल्या आणि कपाळाला हात लावला.

चतुर्थीच्या संध्याकाळी मंडपात घराणीच्या घराणी लोटली. प्रत्येकाच्या एका हातात पेटत्या निरांजनांचं तबक, दुसऱ्यात फोन.

"पहिला मान हमारा है, ये देखो!"

"आमच्या फोनवर काय लिहिलंय मग? डोळे आहेत ना?"

कुणी एक पाऊल मागे घेईना.

"फिर?" दौलतसिंहानं तराजू खाली ठेवला.

"फिर काय! सगळ्यांनी एकदमच ओवाळलं. लष्करची चाल दुडकी, थाटीपूरची संथ, तरी दोन्ही आरत्या एकाच 'मोरया'वर येऊन मिळाल्या. मंडळ वाचलं! आणि उजेड इतका, इतका, की किल्ल्यावरचे मोर पहाट झाली समजून ओरडायला लागले. अरे, खुद्द गणपतीला पेच पडला! डावीकडे शिलेदार, उजवीकडे पुरोहित, वळावं कुणाकडे? या डोळ्यांनी पाहिलं, दौलतसिंह. त्यानं सोंड मधोमध सरळ केली आणि गालात हसला!"

"धन्य हो, काकासाहब!" दौलतसिंहाचे हात आपोआप जुळले.

"खोटं!" विजयाबाईंनी सूप आपटलं. "साफ खोटं! गणपती हसायला होता कुठं तिथं? मूर्ती आणायला जाणारेसुद्धा पहिल्या मानासाठी तबकं घेऊन मंडपातच उभे होते. मूर्ती राहिली मूर्तिकाराकडं! तुम्ही सगळ्यांनी मिळून रिकामा चौरंग ओवाळलात, आणि प्रसाद वाटून होईपर्यंत एकाच्याही लक्षात आलं नाही!"