एक सूत कमी

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि ती ज्याच्यावर काढायची, तो नेमका जावई होता. मुलगा असता तर एव्हाना हातातला रंधा फेकून मारला असता. जावयाला चहा विचारावा लागतो.

गेली अठरा वर्षं मिस्त्रीच्या कारखान्यात, भुशाने माखलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, त्याने स्वतः लिहिलेला बारा ओळींचा प्रोग्रॅम चालत होता. कॉम्प्युटरबरोबर एक पातळ पुस्तक आलं होतं, त्यावरून शिकून, दोन बोटांनी टाइप केलेला. भाषा इतकी सोपी, की आकडा विचारणं, बेरीज-वजाबाकी आणि कागदावर छापणं एवढं जमलं की काम भागायचं. कपाटाचं माप सांगा, ड्रॉवर किती ते सांगा, फळ्यांची यादी हातात. शनिवारी जावयाने ते पाहिलं आणि पोट धरून हसला.

"बाबा, असलं आता शाळेतली पोरंसुद्धा वापरत नाहीत! थांबा, मी नवीन करून देतो."

आणि दिलं की! रविवारी सकाळी मिस्त्री मापं घालायला बसला, तर नव्या प्रोग्रॅमने आधी पासवर्ड मागितला. पासवर्ड दिला, तर म्हणे कच्चा आहे. पक्का दिला, तर फोटो मागितला. फळी कापायला फोटो! मिस्त्रीने दातओठ खात तोही दिला, कारण दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मंगळवारी उघडणार होता आणि त्यांचे चाळीस ड्रॉवर व्हायचे होते. दिवसभर राबून त्याने सगळ्या फळ्या कापल्या.

सोमवारी दवाखान्यात ड्रॉवर बसवले. सतरा चपखल बसले. तेवीस खुळखुळले.

मिस्त्रीने तेवीसच्या तेवीस पुन्हा ओढून पाहिले. तीस वर्षांत त्याचा एकही ड्रॉवर हलला नव्हता. लोक त्याला बोलावत ते त्यासाठीच, नाहीतर कपाटं काय, दुकानात तयार मिळतात. त्याने जावयाला फोन लावला. डबा घेऊन आलेली बायको मागून कुजबुजली, "जपून बोला हं. जावई आहेत."

"जपूनच बोलतोय!" मिस्त्री ओरडला.

जावई लॅपटॉप घेऊन दवाखान्यात आला. अर्धा तास स्क्रीनकडे बघून म्हणाला, "प्रोग्रॅम बरोबर आहे, बाबा. तुम्ही पंधरा पॉइंट सहा घातलंत, त्याने पंधरा पॉइंट सहाच धरलं."

"अहो जावईबापू, पंधरा इंच सहा सूत! इंचाला आठ सूत असतात. टिंबाच्या पुढे आम्ही सूत लिहितो. माझा बापही असंच लिहायचा."

"सूत? ते कुठे घेतलंय आम्ही? टिंबाच्या पुढे दहावे भागच येणार ना."

पूर्ण इंचांचे ड्रॉवर का बसले आणि टिंबवाले का खुळखुळले, ते मिस्त्रीला आता कळलं. राग दुप्पट झाला.

"माझ्या प्रोग्रॅमला कळत होतं! तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं मी!"

"मग हे दुरुस्त करतो. दोन आठवडे द्या."

"दवाखाना उद्या आहे हो! माझा जुना परत द्या."

जावई खाली बघून म्हणाला, "कचरा समजून डिलीट केला."

मिस्त्रीने डोळे मिटले, दहापर्यंत आकडे मोजले आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "ती शाळेतल्या पोरांची भाषा यात आणून द्या. आणि मग लांब बसा. हात लावू नका, सल्ला देऊ नका."

वीस मिनिटांत, दोन बोटांनी, बाराच्या बारा ओळी परत उभ्या राहिल्या. तेवीस ड्रॉवरची नवी यादी तयार झाली. मिस्त्री करवतीकडे वळतोय, तोच दारात डॉक्टरीणबाई.

मिस्त्री कपाटाला पाठ लावून उभा राहिला. "मॅडम, अजून बघू नका. थोडं काम राहिलंय."

पण त्यांनी बाजूने हात घालून एक ड्रॉवर ओढलाच, नेमका खुळखुळणारा. मग दुसरा. मग बसलेल्या सतरापैकी एक, आणि कपाळाला आठी पडली.

"मिस्त्री, हा घट्ट आहे. माझ्या हातात मोजे असतात, मला एका बोटाने उघडायला हवं. ते बाकीचे बघा किती छान सरकतात! तुम्ही फारच विचार करता हो. हे सतरा त्यांच्यासारखे करा, आणि पुढच्या महिन्यात आतल्या खोलीत तीस करायचेत, तेही."

जावयाचा चेहरा उजळला. मिस्त्रीला वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन दुभंगावी आणि तिने जावयाला पोटात घ्यावं. तीस वर्षं जीव तोडून चपखल ड्रॉवर केले, आणि कौतुक झालं ते चुकीचं.

"हे मात्र माझ्या प्रोग्रॅममध्ये आपोआप येतं, बाबा," जावई नम्रपणे म्हणाला. "प्रत्येक ड्रॉवरला वेगवेगळं कमी होतं, तेवढं समान करायला थोडा वेळ—"

"तुम्ही चहा घ्या."

मिस्त्रीने दात खाऊन तेरावी ओळ घातली: प्रत्येक रुंदीतून एक सूत वजा. अर्ध्या मिनिटाचं काम. मग पुढे कोणी विचारलं तर कळावं, म्हणून त्याच ओळीशेजारी टीप लिहिली: 'ही चूक जावयाची आहे. काढू नये.'