सुवार्ताबाईंनी जागा बदलली

करंजापूरच्या जुन्या कबरस्तानातली माणसं दरवर्षी ईस्टरला आपापल्या जागा बदलतात.

गावाचा इतिहास त्यामुळे ताजा राहतो. निवृत्त शिक्षक शांतवन साळवे दर रविवारी हौशी मंडळींना तिथे फिरवून तो सांगत. नळयोजना आणणारे हॅरिसनसाहेब बरीच वर्षं कलेक्टरांच्या शेजारी होते. मग एका ईस्टरला ते याकोब पखालीजवळ गेले. नळ आले तसा याकोबचा धंदा बसला होता. पुढच्याच वर्षी याकोब उठून फाटकापाशी गेला. "म्हणजे साहेबांनी माफी मागितली," सर सांगत, "आणि याकोबने दिली नाही."

त्या वर्षीच्या ईस्टरला मात्र सर फेरी सोडून थेट मागच्या निंबाखाली गेले. त्यांची पत्नी सुवार्ताबाई आदल्या पावसाळ्यात वारली होती. तिच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. आता तिथे दोन्ही जागा रिकाम्या होत्या.

"पहिल्या वर्षी कुणी हलत नाही म्हणाला होतात, मावशी."

"नाहीच हलत," राखण करणाऱ्या मार्थामावशी म्हणाल्या. "पण बाईंचं कधी कुणी ऐकलंय? भिंतीकडं गेल्यात. दावीद बँडवाल्याशेजारी."

सरांच्या लग्नात दावीदने क्लॅरिनेट बेसूर वाजवलं होतं. नवरी असूनही सुवार्ताबाईंनी त्याला सगळ्यांदेखत हटकलं होतं.

"तेव्हा एवढं बोलली, तरी काही ऐकवायचं राहिलंच होतं वाटतं," सर म्हणाले.

ते बघायला गेले. एका अंगाला दावीद, दुसऱ्या अंगाला कंपाउंडची भिंत. मध्ये बोट घालायला जागा नव्हती.

कबरस्तान कमिटीचे अध्यक्ष मोझेस रणपिसे यांनी राखीव जागा भिंतीपाशी हलवण्याची सरांची मागणी शांतपणे ऐकून घेतली. "राखीव जागा निंबाखालीच राहील, सर. जिवंत माणसाची बदली होत नाही."

"आणि नंतर?"

"नंतर आम्हाला कोण विचारतो? पण भिंतीत कसे शिराल?"

सर वर्षभर फेऱ्या काढत राहिले. भिंतीपाशी आले की म्हणत, "या सुवार्ता साळवे. कान तिखट, जीभ त्याहून." मंडळी हसत. सर भिंतीकडे बघत.

पुढच्या ईस्टरला सुवार्ताबाई होत्या तिथेच होत्या. दावीदही होता. भिंत मात्र रस्त्यावर सरकली होती, एक माणूस आडवा होईल इतकी. नगरपालिकेने सोमवारीच तिच्यावर पिवळे-काळे पट्टे ओढले आणि बसथांबा पलीकडे नेला. वाहतुकीला अडथळा नसल्याचा शेरा मिळाला.

रणपिसेंनी निंबाखालची राखीव जागेची खूण उपटून भिंतीपाशी रोवली, मग टेप लावून जागा मोजली.

"बदली होत नाही म्हणाला होतात," सर म्हणाले.

"तुमची कुठे केली? जागेची केली." त्यांनी टेप गुंडाळली. "लांबीला जरा जास्तच आहे, सर."

"मी पाय ताणून झोपतो. तिला माहीत आहे," सर म्हणाले, आणि खोळंबलेल्या मंडळींना घेऊन याकोब आता कुठे गेला ते शोधायला निघाले.