मामाच्या साखरपुड्याची थकबाकी

"घर चालवणं म्हणजे काय असतं? बेरीज आणि वजाबाकी! गुणाकारसुद्धा लागत नाही!"

वगदीने हे वाक्य भर जेवणात टाकलं, आणि त्याच्या बायकोच्या, इनायतच्या हातातला डाव मुलूखियाच्या भाजीच्या पातेल्यावर तसाच थांबला. चौदा वर्षं ती त्याच्या पगारात घर चालवत होती आणि चौदा वर्षं दर महिन्याच्या वीस तारखेला "पैसे संपले" असं जाहीर करत होती. वगदी पाण्याच्या कचेरीत वसुली खात्यात होता. मन्सुरा शहराची निम्मी पाणीपट्टी आपल्या धाकाने वसूल होते, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. अशा माणसाच्याच घरात पैसे संपतात, हे त्याच्या फार मनाला लागायचं.

"मग तुम्हीच चालवून दाखवा की," इनायत म्हणाली.

"मी कशाला? माझी अकरा वर्षांची पोर चालवून दाखवेल! पैसा काही शाळेत शिकवत नाहीत, तो घरातच शिकवावा लागतो. नर्मीन, या महिन्याचा अख्खा पगार तुझ्या हातात! तू अर्थमंत्री! दुआ तुझी शिपाई! महिनाअखेरपर्यंत खर्च भागवलास, तर कपाटातल्या पाकिटातले साडेचार हजार पाउंड काढायचे आणि चार दिवस रास-अल-बरला जायचं, समुद्रावर!"

"आणि नाही भागला तर?" नर्मीनने विचारलं. पोर बापापेक्षा सावध होती.

"नाही भागला तर घरी बसायचं! पैशाच्या बाबतीत दयामाया नाही!"

दोघी बहिणींनी समुद्र आजवर फक्त इतरांच्या फोटोत पाहिला होता. गेली तीन वर्षं रास-अल-बर ठरायचं आणि ऐन वेळी काहीतरी आडवं यायचं. एका वर्षी तर धुण्याचं मशीनच आडवं आलं होतं. त्यामुळे सात वर्षांच्या दुआने त्या रात्री पोहायचा चष्मा उशाशी घेतला आणि नर्मीनने दात आवळून पेन्सिलीला टोक काढलं. इनायतने ड्रॉवरची किल्ली, पावत्या आणि वह्या मुलीच्या पुढ्यात ठेवल्या आणि गोड हसली. त्या हसण्याकडे वगदीने लक्ष द्यायला हवं होतं.

मंत्रिमहोदयांनी कारभाराला सुरुवात केली ती थेट वगदीच्या चहापासून! चार चमचे साखरेवरून तो एका चमच्यावर आला. मग नंबर लागला कॉफीखान्यातल्या शिशाचा, म्हणजे हुक्क्याचा.

"बाबा, शिशा कुठल्या सदरात धरू? औषध की करमणूक?"

"औषध! डोकं शांत राहतं!"

"मग डॉक्टरची चिठ्ठी आणा."

वगदी कॉफीखान्यात गेला आणि दुसऱ्यांच्या शिशाचा धूर हुंगत मुलीचं कौतुक सांगत बसला. "काय शिस्त! काय करडेपणा! बापावर गेली आहे!" मित्र माना डोलवत होते, पण कुणी नळी पुढे केली नाही.

असं पंधरा दिवस झकास चाललं. सोळाव्या दिवशी गॅस संपला, सतराव्या दिवशी गणिताच्या शिकवणीच्या बाईंनी फी वाढवली आणि अठराव्या दिवशी खुद्द वगदीच्या दाढेने उचल खाल्ली. एकट्या दाढेचे बाराशे! वीस तारखेला नर्मीनने पैशांचा डबा उपडा केला, तेव्हा त्यातून तीनशे चाळीस पाउंड आणि एक बटण निघालं.

"बाबा," ती डोळे पुसत म्हणाली, "रास-अल-बर गेलं."

"रडतेस काय!" सुजलेल्या गालावर हात ठेवून वगदी गरजला. "कापून भागत नसेल, तर बाहेर अडकलेला पैसा आत आणायचा! आम्ही कचेरीत काय करतो? यादी काढतो, नोटीस पाठवतो, मुदत देतो. लोक रांगेने येऊन भरतात!"

एवढं बोलून तो गोळी घेऊन झोपला आणि सकाळपर्यंत आपण काय बोललो ते विसरूनही गेला. नर्मीन मात्र विसरली नाही. आईच्या वह्या चाळताना तिला एक निळी वही सापडली. त्यात नावं, कार्यं आणि आकडे होते. हसनचं बारसं, दोनशे. हाज मितवल्लीच्या मुलीचं लग्न, तीनशे. एकतीस घरं आणि एकूण नऊ हजार चारशे पन्नास पाउंड!

इनायत स्वयंपाकघरात कुस्यात, म्हणजे कोवळ्या भोपळ्यांत, भात भरत बसली होती.

"आई, आपण लोकांना दिलेला आहेर परत येतो का गं?"

"येतो तर! आपल्या घरी कार्य निघालं की जो तो आपापला आणून देतो. कुणी विसरत नाही."

"मग आपल्याकडे कार्य कधी?"

"तुझ्या मामाला विचार! त्रेचाळीस वर्षांचा घोडा झालाय. लोक त्याच्या लग्नाची वाट बघून म्हातारे झाले."

शौकतमामा खाली तळमजल्यावर राहायचा. फ्रीज दुरुस्त करायचा आणि माणसांपेक्षा फ्रीजशी जास्त बोलायचा. त्या आठवड्यात तो रास-अल-बरच्या हॉटेलांतले फ्रीज नीट करायला गेला होता. नर्मीनला त्याला विचारायची गरजही वाटली नाही. कार्य निघालं की पैसा येतो. मग कार्य काढलं पाहिजे, एवढं साधं होतं ते! कच्च्या कामासाठी वगदी कचेरीतून जुन्या नोटिशींचे कोरे गठ्ठे घरी आणायचा. तिने त्यातले एकतीस कागद सुवाच्य अक्षरात भरले आणि शिपाई दुआ ते घरोघर देऊन आली. शिवाय रीतसर सह्या घेऊन!

त्यानंतर दोन दिवस शेजारणी इनायतच्या सलामाला उत्तर देईनात. उकाडा फार आहे, त्यामुळे असेल, असं तिला वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी वगदी गल्लीच्या तोंडाशी आला आणि जागीच थबकला. या घरापासून त्या घरापर्यंत रंगीत दिव्यांच्या माळा! त्याच्या दारासमोर साठ खुर्च्या! सरबताचं पिंप! खुर्च्या भाड्याने देणारा हाज मितवल्ली जातीने उभा राहून पोरांना ओरडत होता. वगदीला पाहताच त्याने जरा कोरडेपणानेच अभिनंदनाचा हात पुढे केला.

"मबरूक, वगदी! झालं म्हणायचं एकदाचं!"

कचेरीत गेला महिनाभर बढत्यांची कुजबुज होती. वगदीच्या काळजाने उडी मारली. म्हणजे यादी लागली तर! आणि बातमी आपल्या आधी गल्लीत पोहोचली!

"तुमचा आशीर्वाद, हाजसाहेब," तो विनयाने मान झुकवून म्हणाला. "फार वर्षं वाट पाहिली."

"आम्ही तर आशाच सोडली होती! म्हटलं, या वयात आता कोण विचारतंय!"

वगदीला हे जरा लागलं. "वयाचं काय? अनुभव नको का?"

"अनुभव?" हाज मितवल्ली दचकला. "कसला अनुभव, बाबा? त्याला कुठला अनुभव!"

हा 'तो' कोण, हे विचारायच्या आत वरच्या मजल्यावरून इनायतची हाक आली. त्या हाकेने वगदी दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पोहोचला. दिवाणखान्यात शेजारणींची ही गर्दी होती. मधोमध टेबलाशी नर्मीन डबा घेऊन बसली होती आणि दुआ गळ्यात पोहायचा चष्मा अडकवून पावत्या फाडत होती.

"वाचा," इनायत म्हणाली आणि तिने एक कागद त्याच्या नाकासमोर धरला.

वगदीने वाचलं. अक्षर मुलीचं होतं, पण भाषा त्याची स्वतःची होती, एकोणीस वर्षांची! 'विषय: आपल्याकडील थकीत आहेराबाबत. आमचे मामा शौकत यांचा साखरपुडा गुरुवारी असल्याने आपल्याकडे येणे असलेले पाउंड दोनशे त्याच दिवशी भरावेत.' आणि खाली छापील ओळ होती, जी खोडायचं पोरीला सुचलं नव्हतं. 'मुदतीत भरणा न केल्यास आपला पाणीपुरवठा कोणतीही पूर्वसूचना न देता खंडित करण्यात येईल.'

वगदी मटकन खाली बसला. आहेर किती आला, किती गेला, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला झोपेतसुद्धा पाठ असतं. पण तो आकडा आजवर कुणी तोंडातून काढला नव्हता. मागायची तर बातच सोडा!

"मोजून घ्या, वगदीभाऊ!" तिसऱ्या मजल्यावरच्या हसनच्या आईने दोनशेची नोट टेबलावर आपटली. "सकाळपासून घरातल्या सगळ्या बादल्या भरून ठेवल्यात मी! टबसुद्धा! हसनला आंघोळ नाही घातली! व्याज नाही मागितलंत, तेवढे उपकार! ते हराम म्हणून सोडलं असेल!"

"नर्मीनच्या आईकडून ही अपेक्षा नव्हती हो," दुसरी एक म्हणाली.

इनायतचे डोळे भरून आले. या बायकांबरोबर चौदा वर्षं तिने कणकेपासून बाळंतपणापर्यंत सगळं वाटून घेतलं होतं. तेवढ्यात जिन्यात गलका झाला. शौकतमामा नुकताच गाडीतून उतरला होता. एका खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि दुसऱ्या खांद्यावर त्याला मिठ्या मारणारी गल्लीतली चार माणसं, असा तो दारात आला.

"ताई, माझा साखरपुडा आहे म्हणे?"

"आहे! पण कुणाशी ते तरी सांग!" बायका एका सुरात ओरडल्या.

मामा कानापर्यंत लाल झाला. तो पिशवीतला पाना चाचपत राहिला.

"मुलगी ठरलेली नाही," नर्मीन खालच्या आवाजात म्हणाली. "तिची तरतूद केली नव्हती." आणि तिला हुंदका फुटला. "मला फक्त खर्च भागवायचा होता. दुआला समुद्र बघायचाय."

वगदीचा हात उगारला गेला होता, तो तसाच खाली आला. समोर मुलीचा कागद होता. त्याच्या तळाशी तिने दुहेरी रेघ मारून लिहिलं होतं, 'शिल्लक: रास-अल-बर, चार दिवस.' त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"चूक पोरीची नाही," तो उठून म्हणाला. "शिकवणारा गाढव आहे. साखरपुडा नाही, काही नाही. माफ करा आणि आपापले पैसे परत घेऊन जा."

वाटलं होतं, यावर प्रकरण मिटेल. मिटतंय कसलं!

"दिलेला आहेर परत?" हसनची आई कडाडली. "आम्ही काय तुम्हाला भीक घातली? ते काही नाही! हिशोब काढलाच आहे, तर पुरता काढा! हसन! कपाटावरची वही आण रे!"

बघता बघता एकतीस घरांतून वह्या निघाल्या. लाल, हिरव्या, एक तर मागच्या राजवटीतली वाटावी इतकी पिवळी! नर्मीनने आईच्या निळ्या वहीचा पुढचा भागच वाचला होता. ती उलटी धरून मागून उघडली, तर तिथे आलेल्या आहेराची यादी होती. वगदीचं लग्न, दोन्ही मुलींची बारशी, इनायतचं ऑपरेशन! खाली साठ खुर्च्यांवर गल्ली बसली, सरबत फिरलं, बसबूशाच्या मिठाईचे ट्रे फिरले आणि नर्मीन नाक ओढत बेरजा करत राहिली. दोन तासांनी ती उभी राहिली.

"बाबा, आपलं येणं नऊ हजार चारशे पन्नास. देणं अकरा हजार सहाशे."

गल्ली हसून हसून खुर्च्यांवरून पडायची बाकी राहिली. हसनच्या आईचा राग तर तिथेच विरघळला. "राहू दे हो, वगदीभाऊ, पोरींना समुद्र दाखवा त्या पैशांत!" ती म्हणाली. पण आता वगदीचा पीळ जागा झाला होता. त्याने कपाटातलं पाकीट आणलं आणि प्रत्येकाच्या हातात शेवटच्या पाउंडापर्यंत रक्कम ठेवली. कुणी नको म्हणालं तर खिशात कोंबली. उरलं त्यातून हाज मितवल्लीने खुर्च्या, दिवे, सरबत आणि मिठाईचे अठराशे उचलले. पाकिटात राहिले साडेपाचशे.

गल्ली पांगली. दुआ चष्मा घालूनच सोफ्यावर झोपली होती. वगदीने कपाळावरचा घाम पुसला आणि छाती पुढे काढली.

"जाऊ दे गेले तर! पण आज या गल्लीत आपण कुणाचं एका पाउंडाचं देणं लागत नाही आणि कुणी आपलं लागत नाही! पाटी कोरी!"

"कोरीच!" इनायत ट्रे उचलत म्हणाली. "आता आपल्याकडे यायचं कारणच कुणाला उरलं नाही."

"नको येऊ देत! आपल्याकडे आता दहा वर्षं तरी कसलं कार्य नाही!"

शौकतमामा दाराशी अजून उभाच होता. त्याने घसा खाकरला.

"दाजी, ते आज सांगायलाच मी लवकर आलो होतो. पण बायकांनी एकदम विचारलं, तर तोंडच उघडेना. रास-अल-बरला एक बाई आहेत, आईस्क्रीमचं दुकान आहे त्यांचं. यंदा त्यांचा फ्रीज अकरा वेळा बिघडला. काल कळलं, त्या स्वतःच त्याची वायर काढून ठेवायच्या." तो पुन्हा लाल झाला. "पुढच्या गुरुवारी साखरपुडा आहे. तिकडेच, समुद्रावर. त्यांची माणसं शंभर आहेत. आपली किती येतील, विचारलंय. आणि महिन्याभरात लग्न."

नर्मीन किंचाळली, "समुद्रावर!" दुआ झोपेतून उठून नाचायला लागली. इनायतने ट्रे खाली ठेवून भावाला मिठी मारली आणि रडायलाच लागली. वगदीनेही मिठी मारली, पण त्याच्या डोक्यात मात्र बेरीज सुरू झाली होती. गल्लीला न्यायला दोन गाड्या, जेवण, मांडव, कपडे, आणि आहेर? येणं शून्य! एकतीस घरांत मिळून शून्य! आत्ताच, स्वतःच्या हाताने फेडून घेतलेलं!

पुढच्या क्षणी तो पाकीट घेऊन जिन्यावरून धावत सुटला.

"हसनची आई! अहो, हसनची आई! थांबा! तुमच्याकडे काही कार्य आहे का हो एवढ्यात?"

"कार्य? नाही बाई! का?"

"काहीतरी असेलच की! हसनचा वाढदिवस? दात पडला? परीक्षेचा निकाल लागला असेल!"

"लागलाय ना! मेला तीन विषयांत नापास झालाय!"

"मबरूक! मबरूक!" वगदी म्हणाला आणि त्याने दोनशे पाउंड तिच्या मुठीत कोंबले. "वहीत लिहून ठेवा हं!"