यल्ला, उतर!

हुसेनचाचांच्या गाडीतून कोण बाहेर पडेल याचा काही नेम नाही. एका शुक्रवारी दुपारी मी बाल्कनीत पापड वाळत घालत होते. आखातात आमच्या अल मनखूलच्या उन्हात पापड बघता बघता वाळतात. वॉचमनला ते मंजूर नाही, पण ते असो. तर खाली चाचांची पांढरी व्हॅन थांबली आणि आतून दोन फिलिपिनो, एक ताडमाड युक्रेनियन आणि एक भेदरलेला इजिप्शियन असे चौघे निघाले. त्यांच्यामागून चाचा.

"मीनल! चहा टाक गो! पाव्हणे हायत!"

"कोण हे, चाचा?"

"मला काय म्हाइत? आत्ताच भेटले."

माझी लेक इरा दहावीला. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "मॉम, चाचा हॅज डन इट अगेन." आणि स्वतःच जाऊन कप काढायला लागली. एवढी आम्हाला सवय झाली होती.

हुसेनचाचा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावचे. चाची जाऊन बरीच वर्षं झाली. फुजैराला त्यांचा जहाजांना सामान पुरवायचा धंदा. समुद्रात नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांना कांदे, बटाटे, अंडी, साबण, सगळं त्यांची लाँच नेऊन देते. एक दिवसाआड गाडी हाणत फुजैराला जायचं, आणि येताना बंदराच्या गेटपाशी थांबून बाहेर पडणाऱ्या खलाशांना गाठायचं. काच खाली करायची आणि ओरडायचं, "यल्ला, उतर!" यल्ला म्हणजे अरबीत चल.

मी एकदा म्हटलं, "चाचा, अहो तो उतरलेलाच असतो की."

"पाय उतरले गो. माणूस अजून जहाजावरच हाय."

आता दिवसभराची सुट्टी मिळालेल्या माणसाला तुम्ही-आम्ही काय दाखवू? मॉल दाखवू, उंच इमारत दाखवू. चाचा विचारायचे, "काय पायजे तुला?" आणि जो जे मागेल ते त्याला द्यायचे. त्या युक्रेनियनला गवत हवं होतं. फक्त गवत. भर जुलैत चाचांनी त्याला बागेत नेलं, त्याने बूट काढले, हिरवळीवर पाय ठेवले आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. चाचा छत्री धरून बाजूला बसून राहिले. एका जहाजावरच्या आचाऱ्याला दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं जेवायचं होतं. त्याने माझा साधा वरणभात चार वेळा मागून घेतला. आमच्या घरात आजवर ते कुणी केलेलं नाही. आणि एकाला म्हणे न वळता सरळ चालायचं होतं. जहाजावर चार पावलं गेलं की कठडा येतो ना! त्याला अल क्वोजच्या गोदामांमधल्या लांबलचक रस्त्यावर सोडलं आणि चाचा मागून व्हॅन रांगवत, दार उघडं टाकून, एसीची हवा आणि पाण्याच्या बाटल्या पुरवत राहिले.

माझा नवरा मिलिंद कपाळाला हात लावून म्हणाला, "चाचा, पोलिसांनी धरलं असतं!"

"धरलं ना! त्यांना पण पाणी दिलं. खलास."

हसत होते मी, पण खरं सांगते, आतून थक्क व्हायचे. आम्ही वरच्या मजल्यावरच्या माणसाला लिफ्टमध्ये नाव विचारत नाही, आणि हा गृहस्थ अख्ख्या दर्याचं यजमानपद अंगावर घेऊन बसलाय.

मग गेल्या उन्हाळ्यात आम्ही भूमध्य समुद्रातल्या क्रूझचा बेत केला. चाचांना सहज सांगितलं, तर त्यांनी तारखा विचारल्या, बंदरं विचारली, पालेर्मोपाशी थांबले आणि म्हणाले, "माझं पण तिकीट काढ." आम्ही उडालोच! जन्मभर जहाजांच्या पोटाला चिकटून काढलेला माणूस, जहाजाचं नाव काढलं की म्हणायचा, "लोखंडाचं घर, त्यात काय बघायचं?"

जेनोवाला बोटीवर चढलो. चाचांना प्रवासी होणं जमेना. कुणी खुर्ची ओढून दिली की ते उठून उभे राहायचे. वेटरला त्याचं गाव विचारायचे, झाडूवाल्याला त्याच्या पोरांची नावं. दुसऱ्या दिवशी अख्खा स्टाफ त्यांना "अंकल हबीबी" म्हणायला लागला आणि आमच्या टेबलावर जास्तीचे आंबे येऊ लागले.

पालेर्मोच्या आदल्या संध्याकाळी ते डेकवर एकटेच उभे होते. मी जवळ गेले. सूर्य बुडत होता, पाणी असं काही सोनेरी झालं होतं की बघत राहावं. चाचा पाण्याकडेच बघत बोलले.

"इम्रानचं जहाज उद्या तिथं येतंय."

इम्रान त्यांचा एकुलता मुलगा, मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला. एवढं मला ठाऊक होतं. तो कधी घरी का येत नाही, ते विचारायचं धाडस मी केलं नव्हतं.

"धंदा सांभाळ म्हटलं मी. तो म्हणाला, अब्बा, मला जहाजांना कांदे विकायचे नायत, मला जहाजावर जायचंय. मला राग आला. म्हटलं, दर्यावर गेलास तर परत माझ्या दारात उतरू नकोस." ते कठड्यावरून हात फिरवत राहिले. "तो शब्दाचा पक्का निघाला गो. माझ्यावर गेलाय मेला. फोन करतो. बरे आहात का, जेवलात का. फुजैराला त्याचं जहाज दोनदा येऊन गेलं. उतरला नाय."

"म्हणून तुम्ही बाकीच्यांना..."

"उद्या गेटपाशी उभा राहणार. तो बाहेर आला की एकच शब्द बोलायचाय मला. उतर."

सगळ्या जगाला उतर उतर म्हणणाऱ्या माणसाचा एवढा एक शब्द पोटच्या पोरापाशी अडकून पडला होता.

दुसऱ्या दिवशी पालेर्मोत ऊन मी म्हणत होतं. गाइडबाई टोपीने वारा घेत पुन्हा पुन्हा माफी मागत होती, "सो सॉरी, व्हेरी हॉट." चाचा लांब बाह्यांच्या शर्टात, डोक्यावर जाळीची टोपी, हातात पिशवी. म्हणाले, "हे ऊन? हे तर फुजैराचं सकाळचं न्याहारीचं ऊन!" पिशवीत आंबापोळी, फणसपोळी, काजू आणि नानखटाई. मिलिंद आणि इरा चर्च बघायला गेले. मी चाचांबरोबर मालबंदराच्या गेटपाशी थांबले. त्यांना एकटं सोडून कुठलं चर्च बघणार होते मी!

गेटातून ट्रक गेले, सायकली गेल्या. दर वेळी चाचा पुढे व्हायचे, शर्ट नीट करायचे, मागे यायचे. ऊन डोक्यावर आलं. शेवटी त्यांनी फोन लावला. स्पीकर सुरू करायची त्यांची सवय, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"अब्बा? बरे आहात ना? जेवलात?"

"इम्रान, तू कुठं हायस?"

"पालेर्मोबाहेर, नांगरावर. धक्का रिकामा नाही. उद्याशिवाय आत घेणार नाहीत. का हो?"

उद्या म्हणजे आम्ही पुढच्या बंदरात. मीच न राहवून म्हटलं, "इम्रान, मी मीनल, शेजारची. चाचा इथे आलेत. पालेर्मोत. तुला भेटायला."

फोनमध्ये नुसती इंजिनाची घरघर. मग धापा टाकल्याचा, जिने चढल्याचा आवाज. "अब्बा, मी डेकवर आलोय. निळं जहाज. पांढरी क्रेन. दिसतंय?"

आम्ही समुद्रात गेलेल्या दगडी बांधाच्या टोकापर्यंत जवळजवळ धावलो. दूर, पाण्याच्या लखलखाटात, पाच-सहा जहाजं उभी होती. त्यात एक निळं. एवढासा ठिपका. एवढ्या मोठ्या समुद्रात तो एक ठिपका आणि त्यावर त्यांचं सगळं जग.

"हात हलवतोय, अब्बा!"

चाचांच्या डोळ्यांत नुकताच मोतीबिंदू धरायला लागला होता. त्यांनी मला विचारलं, "दिसतो का गो?"

मला जहाजसुद्धा धड दिसत नव्हतं, माणूस कुठला दिसायला! पण मी म्हटलं, "दिसतो ना! तो बघा कठड्यापाशी. उजवा हात हलवतोय, जोरजोरात."

चाचांनी पिशवीसकट हात वर केला आणि हलवत राहिले. मग फोन अगदी तोंडाजवळ नेला.

"इम्रान. पुढच्या वेळी फुजैराला आलास की... यल्ला, उतर. घरी ये. माझं चुकलं होतं, बाळा."

पलीकडून रडणं ऐकू आलं. मोठ्या बाप्याचं रडणं. "येतो, अब्बा. इन्शाल्ला, येतो." आणि आवाज तुटला.

आम्ही परत गेटपाशी आलो. तिथे एक फिलिपिनो पोरगा दगडावर बसून फोन वर धरून नेटवर्क शोधत होता. कुठल्यातरी दुसऱ्या जहाजावरचा, एकटाच. चाचा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले, डोळे पुसले, आणि म्हणाले, "यल्ला, उतर! काय पायजे तुला?" त्याला ओ की ठो कळलं नाही. चाचांनी पिशवी त्याच्या मांडीवर रिकामी केली. तो आधी बावरला, मग आंबापोळीवर तुटून पडला. चाचा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि तो खाताना बघत राहिले. शेवटचा काजूसुद्धा उरला नाही.

बोटीकडे परत चालताना त्यांनी रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाले, "मीनल, खोटं बोललीस ते बरं केलंस."

मी चपापले. "खोटं कसलं, चाचा?"

"इम्रान डावखुरा हाय गो. हात हलवेल तो डावाच." ते थांबले, आणि मागे वळून पाण्याकडे बघितलं. "लहानपणी डाव्या हातानं जेवायचा. उजव्या हातानं जेव, उजव्या हातानं जेव म्हणून लय मारलाय मी त्याला. आता घरी आला ना, की ताट मांडून समोर बसेन. म्हणेन, तुला पायजे त्या हातानं जेव."